बाळहिरडा आणि हमीपत्र

एखादी वस्तू ज्या जमिनीतून किंवा ज्या झाडावरून आली, तिथले जंगल त्या वस्तूसाठी तोडलेले नाही, असे विकणाऱ्याला पुराव्यानिशी दाखवता आले की त्या मालाची पुरवठा साखळी जंगलतोडमुक्त समजली जाते. व्याख्या सोपी आहे. तिच्यातला ‘पुराव्यानिशी’ हा शब्द मात्र जड आहे. साबणातले पामतेल सुमात्रातल्या कोणत्या बागेतले, बुटाचे चामडे कोणत्या कुरणात चरलेल्या गुराचे, खोक्याचा पुठ्ठा कोणत्या लाकडाचा, हे कंपन्यांना वीस वर्षांपूर्वी सहसा ठाऊकही नसे. ठाऊक असण्याची गरज कुणी दाखवली नव्हती. माल दर्जाप्रमाणे आणि वेळेवर आला, की साखळीचे काम संपले.

या विचाराला पहिला मोठा धक्का बसला तो ब्राझीलमध्ये. 2006 मध्ये ग्रीनपीसच्या मोहिमेनंतर तिथल्या सोयाबीन व्यापाऱ्यांनी अ‍ॅमेझॉनमधले नवे जंगल तोडून पिकवलेला सोयाबीन विकत न घेण्याचे ठरवले. तोडग्याला यश आले, कारण तिथला बहुतेक सोयाबीन मोजक्या व्यापारी कंपन्यांच्या हातून जातो. नळ एकच असला की तोटी बंद करणे सोपे. (हाच करार 2025 मध्ये तिथल्या स्पर्धा नियामक संस्थेच्या तपासणीत सापडला. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन खरेदी नाकारणे म्हणजे संगनमत, अशी हरकत होती.) पुढे 2010 मध्ये मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्यांच्या मंचाने आणि 2014 मध्ये न्यूयॉर्क जाहीरनाम्याने 2020 सालावर डोळा ठेवून प्रतिज्ञा केल्या. 2020 आले आणि गेले. प्रतिज्ञा कागदावर राहिल्या, म्हणून कायदा आला.

युरोपीय संघाचा हा कायदा जून 2023 मध्ये अस्तित्वात आला. गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात गोष्टी आणि त्यांच्यापासून बनलेला बराचसा माल, अगदी लोणारी कोळसासुद्धा, त्याच्या कक्षेत येतो. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवरचा माल युरोपच्या बाजारात विकता येणार नाही, हे त्याचे मूळ कलम. पुरावा म्हणून उत्पादनाच्या जागेचे अक्षांश-रेखांश द्यायचे: 4 हेक्टरपर्यंतच्या तुकड्यासाठी एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्यासाठी पूर्ण हद्द आखून द्यावी लागते. कायद्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. मे 2025 मध्ये भारताला कमी जोखमीच्या देशांत बसवण्यात आले. त्यामुळे तपासणी सौम्य झाली, पण जागेचा ठावठिकाणा देण्यातून सुटका नाही. कोडगू-चिकमगळूरच्या कॉफी बागायतदारांची आणि केरळातल्या रबर उत्पादकांची त्यासाठी नोंदणी सुरू झाली ती यामुळेच.

पुणे जिल्ह्याच्या भोर आणि वेल्हे (आताचे राजगड) तालुक्यांत कॉफी नाही, रबर नाही, कोको नाही. तरीही जंगल आणि बाजार यांचा संबंध नेमका कसा जुळतो आणि कुठे तुटतो, हे पाहण्यासाठी या मुलखाइतकी सोयीची जागा सापडणे कठीण.

कामथडी हे पुणे-सातारा महामार्गालगतचे गाव. जवळच्या चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे आणि कापूरहोळवरून भोरकडे रस्ता जातो. पूर्वेचा हा भाग कमी पावसाचा, उघड्या टेकड्यांचा. तिथून पश्चिमेला, तोरणा-राजगडाच्या मागे किंवा वरंधा घाटाच्या दिशेने निघाले की दर काही किलोमीटरमागे पाऊस वाढतो, आणि सह्याद्रीच्या धारेजवळ जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा, ऐन, पिसा यांचे दाट रान लागते. नीरेच्या वरच्या खोऱ्याचे शिवकालीन नाव हिरडस मावळ. त्या नावातच हिरडा ऐकू येतो. रानातून येणारी प्रत्येक वस्तू, मग ती लाकूड असो, कोळसा असो की हिरडा, अखेर याच दोन फाट्यांवरून महामार्गाला लागते.

या डोंगरांनी एक पुरवठा साखळी फार जवळून अनुभवली आहे. ती कोळशाची. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1979 मध्ये टेकड्या, धरणे आणि जंगले यांच्या नात्यावर एक निबंध लिहिला. पुणे जिल्ह्यातल्या मावळपट्ट्यात फिरून केलेल्या पाहणीतून त्यांना दिसले ते असे: धरणासाठी डोंगरात रस्ता शिरला, खालची भातखाचरे पाण्याखाली गेली, माणसे चढावर सरकली आणि रोजगाराच्या शोधात लागली. त्याच रस्त्याने कोळशाचे व्यापारी आले. पिढ्यान्‌पिढ्या फळांसाठी राखलेली झाडेसुद्धा नाममात्र मोबदल्यात भट्टीत गेली. देवरायांचे काही तुकडे उरले, ते देवाच्या धाकाने. गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हा आसपासचा उघडा डोंगर आणि मधली गच्च राई यांच्यातला फरक हाच त्यांचा मुख्य पुरावा होता.

कोळशाची ही साखळी आजच्या कसोटीवर ठेवून पाहिली तर तिच्यात काय चुकले होते ते स्पष्ट होते. भट्टीवर राबणारे मजूर, बहुधा उचल घेऊन आलेली कातकरी कुटुंबे. भट्टी लावणारा ठेकेदार. पोती नेणारा व्यापारी. शहरातली खाणावळ, इस्त्रीवाला, लहान कारखाना. प्रत्येकाने पुढच्याला भाव विचारला. कोळसा कुठल्या उतारावरचा, हे कुणीच कुणाला विचारले नाही, कारण त्याचे उत्तर मिळून कुणाचाच फायदा नव्हता.

इथे एक मेख आहे. सह्याद्रीच्या उत्तर भागातले बरेच रान वनखात्याचे नसून मालकीचे आहे. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, तर ते जवळजवळ सगळेच मालकीचे. मालकीच्या रानातले झाड तोडायला महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते, पण फक्त अनुसूचीतल्या झाडांसाठी. त्या यादीत हिरडा आहे, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर आहेत. बेहडा नाही. हिरड्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा हा प्रचंड वृक्ष, त्रिफळ्यातला दुसरा भिडू, यादीबाहेर राहिला आणि खोक्यांच्या फळ्यांसाठी सहज तुटू लागला.

मालकाच्या बाजूनेही पाहायला हवे. मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या कुटुंबाच्या नावावर गावी दोन-चार एकर चढ असतो. सातबाऱ्यावर तो बहुधा पोटखराबा म्हणून नोंदलेला असतो. म्हणजे ज्या जमिनीवर सर्वांत जास्त जीवसृष्टी आहे, ती महसुली भाषेत खराब. तिच्यातून काही येत नाही. दहा-बारा वर्षांनी लाकूडवाला येतो, एकरकमी पैसे देतो, सगळे रान साफ करतो. बुंधे पुन्हा फुटतात, पुन्हा दहा वर्षे. उपग्रहाच्या चित्रात हे रान नाहीसे होत नाही. ते फक्त दर फेरीला ठेंगणे, विरळ आणि एकसुरी होत जाते. जंगलतोड आणि जंगलाचा ऱ्हास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक हमीपत्रे पहिलीबद्दलच बोलतात.

हिरड्याची साखळी याच्या उलट चालते. झाड उभे असले तरच माल मिळतो. मोहोर गळून फळ धरले, की उन्हाळ्यात कोवळी फळे गोळा करून वाळवतात. ती काळी, सुरकुतलेली फळे म्हणजे बाळहिरडा. थोडे मोठे, अर्धवट पिकलेले फळ म्हणजे चांभारी हिरडा. नावाप्रमाणे ते कातडे कमावण्यासाठी जाते, कारण त्यात टॅनिन भरपूर. पूर्ण पिकलेले, भरदार फळ म्हणजे सुरवारी हिरडा, औषधी वापराचे. बाळहिरड्याला मोठ्या फळापेक्षा कितीतरी पट जास्त भाव येतो. जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात, महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षभराच्या रोख पैशाचा मोठा हिस्सा या एकाच फळातून येतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात तिथली हिरड्याची झाडे पडली. पंचनामे झाले, पण भरपाईसाठी लोकांना पुढे बराच काळ आंदोलने करावी लागली. शेतात न पेरलेल्या उत्पन्नाची नुकसानी कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न पोटखराब्याच्याच घरातला.

युरोपच्या कायद्यात चामडे आहे, पण ते कमावणारा हिरडा नाही. म्हणून हिरडा-बेहडा विकत घेणाऱ्या कंपनीला कायदा काही विचारत नाही. विचारायचे तर तिला स्वतःहून एखादे मानक स्वीकारावे लागते. रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठी असे एक मानक आहे, फेअरवाइल्ड. त्याची संस्था 2008 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली. शेतीच्या सेंद्रिय प्रमाणपत्रापेक्षा हे वेगळे. यात एका झाडावरून किती फळ काढावे, किती बियाण्यासाठी आणि पाखरांसाठी सोडावे, गोळा करणाऱ्याला किती मोबदला मिळतो, जमिनीवर हक्क कुणाचा, या सगळ्यांची तपासणी होते. गरजही खरी आहे: भाव चढला की फळ झोडपायला फांदीच छाटण्याचा मोह होतो, आणि सगळाच बाळहिरडा वेचला गेला तर पुढचे झाड कशातून उगवणार?

या मानकाचा भारतातला पहिला मोठा प्रयोग सह्याद्रीतच झाला. पुण्यात 1994 मध्ये स्थापन झालेली अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात मालकीच्या रानांवर काम करत होती. तिथल्या जुन्या, पोकळ खोडांच्या बेहड्यांत धनेश पक्षी घरटी करतात. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून अन्न भरवतो. अशी ढोली तयार व्हायला झाडाला अनेक दशके वाढावे लागते. तेच झाड फळ्यांसाठी विकले, तर मालकाला एकदाच आणि थोडेच पैसे मिळतात. संस्थेने दोन मार्ग एकत्र आणले. एक, मालकांशी आणि गावांशी संवर्धन करार: ठरावीक वर्षे रान तोडायचे नाही, त्याचा मोबदला. दुसरा, बेहड्याच्या फळाला गिऱ्हाईक. त्रिफळा चूर्ण आणि वनौषधी चहा विकणाऱ्या पक्का हर्ब्ज या ब्रिटिश कंपनीने हे फळ घ्यायची तयारी दाखवली, 2015 च्या सुमारास हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळाले, आणि भीमाशंकर परिसरातले महादेव कोळी संकलकही या व्यवस्थेत आले. पक्का पुढे 2017 मध्ये युनिलिव्हरने विकत घेतली. म्हणजे संगमेश्वरच्या एका बेहड्याखाली वेचलेले फळ जगातल्या सर्वांत मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्यांपैकी एकीच्या हिशेबात गेले.

फळाचे पैसे दरवर्षी येतात, लाकडाचे एकदाच. सगळा हिशेब या वाक्यावर उभा आहे, आणि तो प्रत्येक झाडाला लागू पडत नाही. ज्या रानात बेहडा-हिरडा तुरळक आहे, तिथे फळ कितीही महाग विकले तरी बाकीच्या झाडांची किंमत निघत नाही. तिथे संवर्धन कराराचा पैसाच लागतो, आणि तो कुठल्या तरी कंपनीने किंवा देणगीदाराने द्यावा लागतो.

आता एखाद्या संस्थेला, समजा पुण्यातल्या औषधी अर्क बनवणाऱ्या कारखान्याला, आपली साखळी स्वच्छ करायची आहे, तर काम कुठून सुरू होते? यादीपासून. कारखाना रानातले किंवा रानाच्या जागेवर उगवलेले काय काय घेतो? औषधी फळे हे दिसणारे उत्तर. न दिसणारी उत्तरे जास्त महत्त्वाची: पुठ्ठ्याची खोकी, लाकडी पॅलेट, उपाहारगृहातले पामतेल, आणि बॉयलरमधले जळण. फर्नेस ऑइल सोडून लाकूड किंवा ब्रिकेटवर गेलेला कारखाना अहवालात कार्बन घटवल्याचे लिहितो. ते लाकूड शेताच्या बांधावरचे सुबाभूळ-निलगिरी असेल तर दावा पटण्यासारखा आहे. डोंगरउतारावरचे मिश्र रान असेल तर नाही. गाडीबरोबरच्या वाहतूक पासावर जात आणि वजन असते. खरेदी विभागाने ते कधी वाचलेले असते का, हा खरा प्रश्न.

यादीनंतर मागोवा. भोर बाजारातल्या व्यापाऱ्याकडे आलेला हिरडा पाच-पन्नास घरांचा असतो. गावातला दुकानदार किराण्याच्या उधारीपोटी पायलीभर घेतो, पोते भरले की विकतो, आणि ढीग एकमेकांत मिसळतात. मिसळण्याच्या या क्षणी माहिती हरवते. ती टिकवण्याचे मार्ग ठरलेले आहेत: प्रत्येक गावाचे पोते शेवटपर्यंत वेगळे ठेवणे, हा सर्वांत महाग आणि सर्वांत खात्रीचा, प्रमाणित माल दुसऱ्या मालात मिसळू न देणे, पण गावागावांचा एकत्र करणे, हा मधला, आणि जितका प्रमाणित माल आत आला तितकाच प्रमाणित म्हणून बाहेर जाईल असा वजनाचा ताळा ठेवणे, हा स्वस्त. पामतेलाच्या व्यवहारात तिसरा मार्ग फार वापरला जातो. त्यात हातातल्या बाटलीतले तेल स्वच्छ असेलच असे नाही. कुठेतरी तेवढे स्वच्छ तेल पिकले, एवढीच हमी.

महाराष्ट्राला इथे एक सोय आहे, जिचा पुरेसा उपयोग होत नाही. युरोपला हवा असलेला जमिनीचा तुकडा आपल्याकडे गट क्रमांकाच्या आणि गाव नकाशाच्या रूपात आधीच आहे. सातबाऱ्यात झाडांच्या नोंदीलाही जागा आहे. इंडोनेशियातल्या किंवा आयव्हरी कोस्टमधल्या बऱ्याच शेतकऱ्यांकडे असा कागदच नाही. अडचण उलट बाजूने येते. कागद मालकाच्या नावे असतो आणि फळ वेचणारा दुसराच: कातकरी, धनगर, शेजारच्या वाडीतले कुटुंब. वनजमिनीवर 2006 चा वनहक्क कायदा गौण वनोपजाचा हक्क संकलकांना देतो. मालकीच्या रानात त्यांना अशी ढाल नाही. जुन्नर आणि आंबेगावातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे ग्रामसभेचे बळ आहे. भोर आणि वेल्हे त्या क्षेत्राबाहेर. म्हणून कंपनीने फक्त सातबारा मागितला, तर साखळीतून सर्वांत आधी गळतो तो वेचणारा. हमीपत्र मिळते, रोजगार जातो.

त्यानंतर येते जोखीम. प्रत्येक पोत्यामागे माणूस पाठवणे शक्य नसते. उपग्रहाची जुनी-नवी चित्रे ताडून जिथे झाडोरा कमी झालेला दिसतो, तिथेच पाहणीला जायचे. सह्याद्रीत हे काम फसवे आहे. ऐनासारखी पानगळीची झाडे मे महिन्यात उघडी दिसतात आणि ऑगस्टमध्ये डोंगर ढगांखाली असतो. ऋतू न पाहता ताडलेली चित्रे नसलेली तोड दाखवतात आणि असलेली लपवतात. व्याख्यांचाही घोळ आहे: जागतिक अन्न व कृषी संघटना अर्धा हेक्टर आणि 10 टक्के छत्र असलेल्या जागेला जंगल म्हणते, भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर आणि 10 टक्के धरते, आणि त्या आच्छादनाच्या आकड्यात आमराई किंवा रबराची बागही येते.

यातले सगळे करूनही साखळी न बदलणाऱ्या कंपन्या पुष्कळ. कारण बहुधा एकच असते. शाश्वततेचा विभाग प्रतिज्ञा लिहितो आणि खरेदी विभागाला बढती मिळते ती स्वस्त मालावर. हे दोन हात एकमेकांना ओळखत नाहीत. ज्या संस्थांनी काही साधले, त्यांनी पुरवठादाराला दोन-तीन वर्षांच्या खरेदीची हमी दिली, हंगामाआधी आगाऊ रक्कम दिली म्हणजे संकलकाला दुकानदाराकडे उधारीवर फळ विकावे लागले नाही, आणि नियम मोडणाऱ्या गावाला एका पत्राने तोडून न टाकता सुधारायला मुदत दिली. एकदम तोडलेला पुरवठादार नाहीसा होत नाही; तो न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो. भारतातल्या पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सेबीने जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. जंगलतोडीचा थेट रकाना त्यात नसला, तरी जळण आणि कच्च्या मालाबद्दल विचारायला भागधारकाला त्यातून जागा मिळते.

आणि मग या सगळ्या यंत्रणेच्या जाळ्यातून जे निसटते, ते. युरोपीय कायद्यात कोळसा आहे, पण सह्याद्रीतला कोळसा युरोपला जात नाही. तो इथल्याच भट्ट्यांत आणि तंदुरात जळतो, म्हणून त्याला कुणी अक्षांश विचारत नाही. त्याहून मोठे काम जमिनीच्या विक्रीचे. तोरण्याच्या पायथ्यापासून भाटघरच्या पाण्याच्या काठापर्यंत डोंगर विकले जातात, त्यांना कुंपण पडते, पोकलेनने उतार कापून रस्ता होतो आणि फार्महाउसचे तुकडे पडतात. इथे झाडे जातात, पण कुठलाही माल तयार होत नाही: पोते नाही, वजन नाही, पास नाही, गिऱ्हाईक कंपनी नाही. दस्त नोंदणी कार्यालयात फक्त गट क्रमांक, क्षेत्र आणि रक्कम लिहिली जाते, आणि क्षेत्राच्या रकान्यात त्या रानाची नोंद बहुतेक वेळा तीच असते: पोटखराबा.